नऊ चाळीसची मालगाडी

रात्रीच्या वहीत मी लिहिलं होतं:
'खोली सहा. बाई रस्ता अडवते. ढकलते. ओरडते.
समजावलं तर जास्तच.'
माझंच अक्षर. तिरकं, घाईचं.
तेवढ्यावर डॉक्टर व्होयनार यांनी
संध्याकाळची गोळी लिहून दिली,
उभ्याउभ्याच, ओव्हरकोट न काढता.

तिचं नाव गेनोव्हेफा साव्चुक.
एकतीस वर्षं चेरेम्खाच्या अलीकडे,
बर्चच्या रानातून जाणाऱ्या एकेरी रुळावर
फाटक वरखाली करणारी.
हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.
ठाऊक होतं इतकंच की
रोज रात्री नऊ चाळीसला
ती कॉरिडॉरच्या मधोमध येऊन उभी राहते,
उजवा हात आडवा, ताठ,
आणि कुणालाही पुढे जाऊ देत नाही.

झेनोबी आजोबांना घाई होती, लघवीची.
त्यांनी वॉकर पुढे रेटला.
तिने त्यांना मागे लोटलं.
खुब्याचं हाड. अॅम्ब्युलन्स. फेब्रुवारीतला बर्फ.
त्यामुळे गोळीवर मी बोट ठेवणार नाही.
गोळीला नावं ठेवणं सोपं असतं
दिवसपाळीच्या लोकांना.

गोळीने काम केलं.
नऊ चाळीस वाजले, टळले.
ती खुर्चीत. हनुवटी छातीवर.
बिटाचं सूप झग्यावर सांडून वाळलेलं,
चमचा हातात, हात मांडीवर,
मांडी कुणाची कोण जाणे.
वहीत मी लिहिलं: 'शांत.'
दुसऱ्या रात्री: 'शांत.'
एकोणीस रात्री तोच शब्द,
आणि काय सुबक येत गेलं माझं अक्षर!

ईस्टरच्या आदल्या शनिवारी तिचा भाचा आला,
लुत्सियान, ट्रक चालवतो, हातांना डिझेलचा वास.
बराच वेळ बसला.
मग मलाच विचारलं, 'मावशीचा हात कुठे गेला?'
मला आधी कळलंच नाही.
त्याने सांगितलं:
एका धुक्याच्या रात्री फाटकाचा दांडा अडकला होता.
ही कंदील घेऊन रस्त्यात उभी राहिली, हात आडवा करून.
साखर कारखान्याची बस, आत चाळीस माणसं.
ड्रायव्हरने आईबहिणीवरून शिव्या घातल्या.
ही हलली नाही.
मग त्याच्या दिव्यांसमोरून धडधडत मालगाडी गेली.
'बक्षीस मिळालं असेल,' मी म्हटलं.
'दांड्याच्या दुरुस्तीचे पैसे,' तो म्हणाला,
'मावशीच्या पगारातून कापले.'

डॉक्टर म्हणाले, एकदम नाही, हळूहळू उतरवू,
आधी अर्धी, मग पाव, मग बघू.
'पुन्हा कुणी पडलं तर?'
याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. अजून नाही.

मे महिन्यात ती उठली.
मी औषधांची ढकलगाडी घेऊन येत होते
आणि हात आडवा झाला. थरथरत, पण आडवा.
मी ब्रेक लावला.
मागून येणाऱ्या बाईंना,
झेनोबींच्या खाटेवर आता त्या असतात,
म्हटलं, 'थांबा जरा, फाटक पडलंय.'
थांबलो दोघी.
केवढी लांब असते मालगाडी!
गेनोव्हेफा ओठांतल्या ओठांत डबे मोजत होती:
लाकूड, लाकूड, कोळसा, रिकामा,
रिकामा, लाकूड...
खोटं कशाला सांगू,
माझ्या पायांखाली काही हादरलं नाही.
फक्त फ्रिजची घरघर,
आणि नऊ नंबरची घंटा.
ती मी ऐकली, आणि हलले नाही.
शेवटचा डबा गेला असावा. हात खाली आला.
'निघा,' ती म्हणाली,
माझ्याकडे न बघता, सरकारी आवाजात.

नऊ नंबरची चादर ओली झाली होती.
बदलली. माफी मागितली.
वहीत काय लिहावं सुचेना.
शेवटी लिहिलं: 'बावन्न डबे.
सहा मिनिटं उशीर. कारण: मी.'